सासूबाईंचा स्क्लेरोडर्मा : मुंबईच्या फेऱ्या, घरची काळजी आणि औषधचाचणी

हर्णैची सून

माझ्या सासूबाई ५९ वर्षांच्या असून हर्णै बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन ती दापोलीच्या बाजारात विकण्यात त्यांचा सारा जन्म गेला आहे. तीन वर्षांपूर्वी बर्फातून पापलेट काढताना त्यांच्या बोटांची टोके खडूसारखी पांढरी पडू लागली. मग ती निळी होत आणि चुलीजवळ बसले की लालबुंद होऊन ठणकत. आमच्याकडे थंडी ती कसली, तेव्हा हा वातच असणार, असे म्हणून ज्याने त्याने तेल चोळायला सांगितले आणि त्यातच दोन वर्षे गेली. आता कातडी दंडापर्यंत ताठ झाली आहे, उजव्या तर्जनीच्या टोकावर तांदळाच्या कणीएवढी जखम आहे ती भरत नाही, आणि तोंड पुरेसे उघडत नसल्यामुळे त्या भाकरी दुधात कुस्करून खातात. मुंबईच्या संधिवाततज्ज्ञांनी स्क्लेरोडर्माचे, म्हणजे कातडी आणि आतले अवयवही ताठ करत जाणाऱ्या आजाराचे, निदान केले असून फुफ्फुसांच्या तळाशी व्रण दिसल्यामुळे मायकोफिनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू केले आहे.

खेडहून रेल्वेने जाऊन येण्यात प्रत्येक वेळी दोन दिवस मोडतात. कोणत्या तपासण्या कधीच चुकवू नयेत? शिवाय तिथे एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली आहे. ‘आमच्या माणसावर प्रयोग नकोत’ असे सासरे म्हणतात. त्यांना काय सांगावे?

वेंगुर्ल्याची रुग्ण, ११ वर्षे

ताई, चाचणीविषयी जाणकार सांगतील. मी बर्फाविषयी लिहिते, कारण माझेही घर मासळीवरच चालते. नुसत्या रबरी हातमोज्यांनी गारवा अडत नाही. आत लोकरीचे आणि वरून रबरी असे दोन जोड घातले तर थोडा वेळ निभावते, पण जखम असेपर्यंत बर्फाच्या पेटीत हात घालण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि त्यांनी हिशेबाला बसावे, हे बरे. गारवा केवळ बर्फाचाच नसतो. माझी बोटे सर्वांत जास्त निळी पडतात ती रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात आणि रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात, म्हणून मी वैशाखातही शाल घेऊनच निघते. नुसते हात झाकून भागत नाही. अंग गार पडले तरी बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात.

सासूबाई मिश्री लावतात का, हे मोकळेपणाने विचारा. आपल्याकडच्या बायका तिला तंबाखू समजतच नाहीत, पण तीही रक्तवाहिन्या आवळते. मला ती सोडायला आठ महिने लागले आणि हे डॉक्टरांना सांगायला त्याहून अधिक.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी एका वैदूच्या पुड्या घेतल्या. सूज दोन दिवसांत उतरली तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढे चेहरा गोल झाला, आणि त्यात स्टिरॉइड असावे असे डॉक्टरांनी सांगितले.

निवृत्त फिजिशियन, रत्नागिरी

वरच्या भगिनींनी लिहिलेला पुड्यांचा अनुभव मी अधोरेखित करतो, कारण कातडी कोपराच्या वर ताठरलेल्या रुग्णांत, विशेषतः पहिल्या चार-पाच वर्षांत, मूत्रपिंडावर अचानक आघात होण्याचा धोका असतो आणि स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने तो वाढतो. म्हणून माझ्या मते तुमच्या घरातले सर्वांत मोलाचे उपकरण रक्तदाब मोजण्याचे यंत्र होय. निदान दिवसाआड एकाच वेळी रक्तदाब मोजून वहीत लिहावा. तो नेहमीपेक्षा एकदम चढला, त्यासोबत डोके दुखू लागले, दिसणे अंधूक झाले किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्तदाब उतरवणारी एसीई इनहिबिटर गटातली औषधे वापरात येण्यापूर्वी या आघातातून फार थोडे रुग्ण वाचत. आज वेळेवर पोहोचलेले अनेक जण वाचतात.

न चुकवण्याच्या तपासण्यांपैकी फुफ्फुसांची क्षमता मोजणारी फुंकण्याची तपासणी, म्हणजे पीएफटी, ठरलेल्या अंतराने झालीच पाहिजे. मागच्या आकड्याशी तुलना करता आली नाही तर एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. वर्षातून एकदा हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, करावी, कारण फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब सुरुवातीला मुकाट्याने वाढत असतो. मायकोफिनोलेटसाठी लागणाऱ्या रक्ततपासण्या मात्र दापोलीतही होतील. त्यांचे अहवाल मुंबईला पाठवून फेऱ्या कमी करता येतील का, हे तज्ज्ञांना विचारावे. याच औषधाने प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे बोटाला जखम असताना भातलावणीच्या चिखलात हात घालू देऊ नये. चिखलपाण्यातून जखमेवाटे शिरणारा आपल्याकडचा लेप्टोस्पायरोसिस तुम्हाला ठाऊकच आहे.

आता चाचणीविषयी. सासूबाई आज घेतात ते औषधही चाचण्यांतूनच पुढे आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १४२ रुग्णांवर मायकोफिनोलेट आणि जुने सायक्लोफॉस्फामाइड यांची तुलना झाली. फुफ्फुसांना दोन्हींचा लाभ जवळपास सारखाच दिसला, पण मायकोफिनोलेट रुग्णांना अधिक सोसले. फुफ्फुसांतले व्रण वाढणे मंदावणाऱ्या निन्टेडॅनिब या औषधाची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ५७६ रुग्ण होते. औषधाविना फुफ्फुसांची क्षमता वर्षाला सुमारे ९३ मिलिलिटरने घटली आणि औषधाने सुमारे ५२ ने. कातडीत फरक पडला नाही. म्हणजे घसरण मंदावते, गेलेले परत येत नाही, आणि नव्या औषधाकडूनही अपेक्षा याच मापाची ठेवावी.

सासऱ्यांना सांगा की भारतात अशी चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद व्हावी लागते. तो क्रमांक मागून घ्या. संमतिपत्र मराठीत मिळाले पाहिजे, चाचणीच्या औषधाचे पैसे द्यावे लागत नाहीत, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद आहे, आणि कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. प्रवासखर्चाचे मात्र आधीच विचारून घ्या.

हर्णैची सून

सर्वांची आभारी आहे. रक्तदाबाचे यंत्र आणले असून पहिल्या चार नोंदी १२० च्या आसपास आहेत. मिश्रीची डबी उशीखाली सापडली. मराठी संमतिपत्र मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी एकच विचारले की निम्म्या जणांना खोटी गोळी मिळणार असेल तर आपल्या वाट्याला तीच आली म्हणजे चालू औषधही बंद होणार का?

निवृत्त फिजिशियन, रत्नागिरी

हाच प्रश्न त्यांनी स्वतः तिथल्या डॉक्टरांना विचारावा आणि उत्तर संमतिपत्रातल्या कोणत्या कलमात आहे ते दाखवायला सांगावे. निन्टेडॅनिबच्या चाचणीतले जवळपास निम्मे रुग्ण आधीपासून मायकोफिनोलेट घेत होते आणि ते त्यांनी चालूच ठेवले. तुमच्या चाचणीत ते बंद करावे लागणार असेल, तर फुफ्फुसांवर व्रण असताना मी सहीला घाई करणार नाही.