मदत हवी आहे: बीडीएनएफ (मेंदूतलं वाढीचं प्रथिन) केसीसी२ (पेशीतून क्लोराइड बाहेर काढणारं प्रथिन) वाढवतो की कमी करतो?

नमस्कार मंडळी, मी इंदूरला एमएस्सी करतेय, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि एका जागी गाडं अडलंय. इथे शिकवणं सगळं हिंदी-इंग्रजीत, पण घरी आजीलाही समजावायचंय म्हणून मराठीत विचारतेय.

विषय घेतला तो ताईच्या बाळामुळे. तिसऱ्या दिवशी त्याचे पाय सायकल मारल्यासारखे हलायला लागले, ओठ चुटूचुटू करत होता, आम्हाला वाटलं भूक लागलीये, आजी म्हणाली खेळतोय, पण नर्सने पाय हलकेच धरून ठेवला तरी हालचाल थांबेना तेव्हा कळलं की हे झटके आहेत. फेनोबार्बिटलने थांबले नाहीत, दुसरं औषध द्यावं लागलं. आता आठ महिन्यांचा आहे, घरभर रांगतो. पण पहिलं औषध का चाललं नाही हे डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसले.

फेनोबार्बिटल गाबा (मेंदूतलं संदेश देणारं रसायन) च्या रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवर तो संदेश घेणाऱ्या चॅनलचं, काम वाढवतं. मोठ्यांच्या मेंदूत गाबा म्हणजे ब्रेक, चॅनल उघडलं की क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. कोवळ्या न्यूरॉनमध्ये (मेंदूच्या पेशीत) मात्र एनकेसीसी१ हे प्रथिन क्लोराइड आत भरत असतं आणि बाहेर काढणारं केसीसी२ अजून कमी असतं, त्यामुळे तेच चॅनल उघडलं की क्लोराइड बाहेर पळतं आणि पेशी उलट चेतवली जाऊ शकते. पुढे बीडीएनएफ पेशीवरच्या ट्रकबी या त्याच्या रिसेप्टरला चिकटून केसीसी२ वाढवतो, इथपर्यंत ठीक. पण मोठ्या न्यूरॉनमध्ये झटक्यांनंतर तोच बीडीएनएफ, त्याच ट्रकबीतून, केसीसी२ कमी करतो! सर म्हणाले वयाचा फरक आहे, पण वय हे कारण कसं होईल, आत काहीतरी वेगळं घडत असणार ना? कोणी सांगेल का प्लीज.

प्रतिसाद:
अगं, अगदी योग्य जागी अडलीयेस. ट्रकबीच्या आतल्या शेपटीवर दोन जागा बघ, एकीवर एसएचसी बसतं, दुसरीवर पीएलसी-गॅमा, ही दोन प्रथिनं संदेश आत पुढे नेतात, आपापल्या मार्गाने. मोठ्या न्यूरॉनमध्ये दोन्ही मार्ग एकदम चालले की केसीसी२ घटतं. २००४ च्या एका पेपरमध्ये पीएलसी-गॅमाची जागा बिघडवलेले उंदीर होते, त्यांच्यात बीडीएनएफने केसीसी२ चक्क वाढलं. कोवळ्या पेशीत ईआरके या संदेशमार्गाने ईजीआर४ हे प्रथिन जागं होतं आणि ते केसीसी२ चा जीन चालू करतं. फक्त हे बरंचसं काम उंदरांवरचं आहे, त्यांच्या दिवसांचा हिशोब माणसाच्या बाळाला जसाच्या तसा लावू नकोस, परीक्षक आधी तेच धरतील.

प्रतिसाद:
खूप खूप आभार दादा! दोन जागांची आकृती आजच काढते.