८५ ते १०० मध्ये स्टिअरिंग थरथरतं, पुढे गेलं की शांत. दोनदा बॅलन्सिंग करूनही तेच!

वळणवेडी (धागाकर्ती)

गाडी २००९ ची, पेट्रोल हॅचबॅक, फ्रंट-व्हील ड्राइव्ह, टायर १७५/६५ आर १४, बाहेरून घेतलेली अलॉय रिम. गावातल्या वेगाला लोण्यासारखी चालते. हायवेला ८५ चा काटा ओलांडला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. ९२-९३ ला कळस. १०५ नंतर गायब, जणू काही घडलंच नाही.

आतापर्यंतचे उद्योग: बॅलन्सिंग, म्हणजे चाकाला छोटी वजनं लावून समतोल साधणं, दोनदा (दोन वेगळ्या ठिकाणी), अलाइनमेंट एकदा, दोन्ही टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांची टोकं) बदलले. टाय रॉडनंतर दोन दिवस बरं वाटलं, पण ते बहुधा मनाचे खेळ. आता मेकॅनिक म्हणतो लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा) बदला, मग ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा) बघू, मग इंजिनाचे माउंटिंग (ते ज्यावर बसतं ते आधार). म्हणजे थोडक्यात गाडीच बदला. एकेक पार्ट बदलत बसण्याऐवजी आधी दोष कुठे आहे ते कसं शोधायचं?

धुरांडं

अलाइनमेंट पुन्हा करा. आमच्या गाडीचं तसंच होतं.

पाना_क्रमांक_१४

धुरांडं, अलाइनमेंटने थरथर जात नाही हो. अलाइनमेंट म्हणजे चाकांची तोंडं कुठे आहेत ते. ती चुकली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. चाक हादरतं ते वजन किंवा आकार बिघडल्यामुळे.

वळणवेडीताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य म्हणजे "१०५ नंतर गायब". तुमच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या सेकंदाला जवळजवळ १४ फेऱ्या. रिमच्या कडेला नुसतं २० ग्रॅम वजन जास्त असेल तर या वेगाला ते दर फेरीला पावणेतीन किलोच्या जोराने चाकाला ओढतं. आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट.

मग पुढे थांबतं का? झोपाळ्याला बरोबर त्याच्या लयीत ढकललं की तो उंच जातो, घाईघाईने ढकललं तर जागच्या जागी डुगडुगतो. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगला स्वतःची अशी एक लय असते आणि बऱ्याच गाड्यांत ती सेकंदाला १० ते १५ ठोक्यांच्या आसपास येते. पुढे गेल्यावर दोष जात नाही, लय चुकते एवढंच. म्हणून "१०५ च्या पुढे चालवा" हा उपाय नव्हे.

आता चाचण्या. मोकळा, सरळ, कोरडा रस्ता, सोबत कोणीतरी असू द्या.

वेग ९२ वर नेऊन ॲक्सिलरेटर सोडा. सोडल्याबरोबर थरथर गेली आणि दाबल्यावर आली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. (बाहेरचा असेल तर तो वळताना कटकट वाजतो, थरथरत नाही.) मग हलका ब्रेक लावा. फक्त ब्रेकलाच वाढत असेल तर डिस्क. मग क्षणभर न्यूट्रल. इंजिन बंद करायचं नाही, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते! इंजिनाचे फेरे खाली आले तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि माउंटिंग दोघंही निर्दोष.

टाय रॉड, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) यांच्याबद्दल एकच सांगतो. ते ढिले असले तर थरथर निर्माण करत नाहीत, चाकाने केलेली थरथर मोठी करून तुमच्या हातापर्यंत आणतात. प्ले (ढिलाई) असेल तर बदला जरूर, पण मूळ दुखणं तिथे नसतं.

रिकामटेकडा

आमच्या जुन्या गाडीत ८० ला थरथर, ९० ला खडखड, १०० ला प्रार्थना. आम्ही ७० नेच जातो. वाचतोय.

वळणवेडी

पाना, आज सकाळी भावाला शेजारी वही घेऊन बसवलं. ॲक्सिलरेटर सोडला: काही फरक नाही. ब्रेक: फरक नाही. न्यूट्रल: तश्शीच, उलट इंजिन शांत झाल्यावर जास्त स्पष्ट जाणवली. म्हणजे मेकॅनिकच्या यादीतली अर्धी नावं कटली.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. दुसऱ्या बॅलन्सिंगला पुढच्या डाव्या चाकाला ७५ ग्रॅम वजन लागलं होतं, बाकीच्यांना १५-२०. मला वाटलं, वा, मशीनने दोष बरोबर पकडला.

पाना_क्रमांक_१४

७५ ग्रॅम! ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

वजनाचा समतोल आणि आकाराचा गोलपणा या दोन वेगळ्या गोष्टी. बटाट्यालासुद्धा योग्य जागी खिळे ठोकले तर बॅलन्सिंग मशीन शून्य दाखवेल. मशीन चाकाला हवेत फिरवतं, रस्त्यावर त्याच्यावर गाडीचा भार असतो. टायरला एका जागी उंचवटा असेल तर दर फेरीला तो ॲक्सल वर ढकलणार, मग वजन कितीही लावा. (टायरवर रोलर दाबून मोजणारी मशीनंही असतात, पण सगळीकडे मिळत नाहीत.)

पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावा, बाजू न बदलता. थरथर हातातून निघून सीटमध्ये आली तर दोष चाकांत, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा सस्पेन्शनमध्ये नाही. मग संशयित चाक जॅकवर उचला. ते आता मागे असेल, म्हणून हँडब्रेक सोडावा लागेल. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. टायरजवळ विटेवर स्क्रूड्रायव्हर टेकवा, टोक आणि टायर यांच्यात जेमतेम फट ठेवा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होते का बघा. तसंच रिमच्या कडेला करा.

वळणवेडी

रविवार सत्कारणी लागला. चाकं बदलल्यावर स्टिअरिंग जवळजवळ शांत, आणि मागे बसलेला भाऊ म्हणाला, "ताई, आता सीट गुदगुल्या करतेय." इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

उजवं चाक ठीक. डावं फिरवलं तर एका जागी टायरने स्क्रूड्रायव्हर चक्क ढकलून दिला. पट्टीने मोजलं, जवळजवळ ३ मिलिमीटर. रिम मात्र सरळ. डोळ्यांना काही दिसत नाही, पण तळवा फिरवला की तळहाताएवढ्या भागात नक्षी वर आल्यासारखी लागते. टायरची नक्षी अजून चांगली खोल आहे, म्हणून कोणालाच संशय आला नाही. कडेचा आकडा ३५१५.

पाना_क्रमांक_१४

३५१५ म्हणजे २०१५ चा ३५ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली म्हणून रबर तरुण राहत नाही. उंचवटा म्हणजे आतला तारांचा पट्टा सुटत चाललाय. या टायरवर आता हायवेला जाऊ नका, जवळच्या जवळसुद्धा नको. तो फुटतो तेव्हा आधी सांगत नाही. थरथर हेच त्याचं सांगणं होतं.

धुरांडं

मी आत्ता खाली जाऊन चारही टायरवर हात फिरवून आलो. शेजारी विचारत होते, पूजा आहे का.

वळणवेडी

शेवटचा अपडेट. डाव्याच्या जोडीचा टायरही त्याच वयाचा निघाला म्हणून दोन नवे घेतले. ९० टक्के थरथर गेली. राहिली ती ९५ ला, अगदी बारीक, फोन सायलेंटवर वाजावा तशी.

ती पण सापडली. डावं चाक काढलं तेव्हा हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे होते, आणि अलॉयच्या मधल्या भोकात बसणारी प्लास्टिकची रिंगच नव्हती. उजव्या बाजूला होती. कधीतरी चाक काढताना पडली असणार. माझ्या रिमचं भोक हबपेक्षा मोठं आहे, त्यामुळे रिंग नसली की चाक केंद्रात बसवण्याचं काम एकट्या नटांवर येतं. हबचा व्यास आणि भोकाचा व्यास मोजून तेवढी रिंग आणली, गंज तारेच्या ब्रशने घासला, चाक हवेत असतानाच समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळले, मग खाली टेकवून शेवटचा ताण दिला.

काल ६० ते ११० सगळे वेग फिरून आले. स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून. आता डॅशबोर्डमधून उजवीकडे कसलीशी टिकटिक येते, ती आधी या थरथरीत ऐकूच येत नव्हती. त्यासाठी वेगळा धागा काढते.