स्टीम लाइनला चिंध्यांचं फेल्ट गुंडाळलं, आता वास येतोय

सायझिंगवाला, इचलकरंजी
नमस्कार मंडळी. आमचं छोटं सायझिंग आहे, म्हणजे विणायच्या आधी सुताला खळ लावायचा कारखाना. बॉयलर ते मशिन चाळीसेक फूट स्टीम लाइन, दाब ७ किलो. जुनं लॅगिंग (पाइपावरचं उष्णता अडवणारं वेष्टन) पडायला लागलं म्हणून दिवाळीत निम्मी लाइन नवी करून घेतली. सप्लायर म्हणाला, "जुन्या कपड्यांच्या रिसायकलिंगचं फेल्ट आहे, ४०० डिग्री सोसतं, रॉकवूलपेक्षा, म्हणजे दगडी लोकरीपेक्षा, स्वस्त." आपल्याच धंद्यातली चिंधी आपल्याच कामी येतेय म्हणून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता पाइपाला टेकलेला थर तपकिरी झालाय, चिमटीत धरला की भुगा. सकाळी बॉयलर पेटला की इस्त्री कापडावर विसरल्यासारखा वास. फोन केला तर म्हणतो, "सुरुवातीला येतोच." अहो, पाच महिने झाले! थांबू की काढून टाकू?

बॉयलरवर २२ वर्षं
काढा, आजच. ७ किलोला वाफ १७० डिग्रीच्या आसपास असते. सूत दीडशेच्या वर हळूहळू करपतंच. पॉलिस्टर अडीचशेच्या पुढं वितळतो, पण त्याच्या आधीच आकसून कडक होतो. ४०० कुठल्या कागदावर होतं? त्यात सायझिंगमध्ये रुई उडत असते, फ्लँजजवळ (पाइपाच्या जोडाजवळ) तेल टपकलं तर विचारूच नका.
५० मिमी रॉकवूल मॅट्रेस घ्या, वर तारेची जाळी, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्र्याचा जोड खालच्या अंगाला ठेवा, नाहीतर पाणी आत जातं आणि ओलं लॅगिंग असून नसल्यासारखं. बिलावर आयएस ८१८३ (रॉकवूलचं भारतीय मानक) लिहून मागा, टेस्ट सर्टिफिकेट त्याच मालाचं आहे का बघा. कुणी सिरॅमिक ब्लँकेट गळ्यात मारेल, ते १२६० डिग्रीच्या ग्रेडचं असतं. भट्टीच्या दाराला ठीक, तुमच्या लाइनीला उगाच खर्च.

चिंधी-व्यापारी, भिवंडी
फेल्ट वाईट नसतं हो, जागा चुकली. आमचा माल पानिपतला जातो. तिथं जुने कपडे रंगावार निवडतात (पुन्हा रंगवायला लागू नये म्हणून), बटणं-चेन काढतात, फाडून तंतू करतात आणि शॉडीचं सूत काढतात. ब्लँकेटं त्याचीच. फेल्ट गादीत, सोफ्यात, गाडीच्या कार्पेटखाली जातं. तिथं आवाज अडवायला झकास. उष्णता खरंच सोसणारी चिंधी म्हणजे ॲरामिडची, अग्निशमनवाल्यांच्या कपड्यातली. ती वितळत नाही, पण स्वस्तात कोण देईल?
पुढच्या वेळी तुकडा बाहेर मोकळ्यावर नेऊन काडी लावा. कागदासारखा जळला तर सुती, थेंब पडले तर पॉलिस्टर. रॉकवूल पेटत नाही.

बॉयलरवर २२ वर्षं
एक राहिलं. उरलेल्या निम्म्या लाइनीवर पांढरं, प्लॅस्टरसारखं, आत तंतू दिसणारं काही आहे का? लाइन किती जुनी?

सायझिंगवाला, इचलकरंजी
वडलांच्या वेळची, १९७९ ची. हो, पांढरंच आहे.

बॉयलरवर २२ वर्षं
मग ॲस्बेस्टॉस (जुन्या लॅगिंगमधलं तंतूंचं खनिज) समजूनच चाला. त्याची धूळ छातीत गेली तर रोग वीस-तीस वर्षांनी वर येतो. उचकटू नका, फोडू नका. आधी नमुना तपासून घ्या, काढायला ते काम येणारीच माणसं बोलवा. तोवर पडलेला चुरा कोरडा झाडू नका.

सायझिंगवाला, इचलकरंजी
काडी लावली. आधी कागदासारखं पेटलं, मग काळे थेंब पडले. म्हणजे दोन्ही. उद्या बॉयलर बंद ठेवून फेल्ट उतरवतोय.
पांढरा चुरा मात्र रोज सकाळी झाडला जायचा. झाडणारा माणूस आमच्याकडं अकरा वर्षं आहे. त्याला आज त्या कोपऱ्यात जाऊ दिलं नाही. का ते विचारत होता.