साल्सा ऑन टू : दोनवर ब्रेक पकडताच येत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पुण्यात दीड वर्ष साल्सा शिकतोय, ऑन वन (म्हणजे ब्रेक, दिशा बदलणारं पाऊल, १ च्या मात्रेवर) आता बऱ्यापैकी जमतं, पण दोन महिन्यांपासून न्यूयॉर्क स्टाइल ऑन टू (ब्रेक २ वर) चालू केलंय आणि तिथे पार अडकलोय. पावलं कळतात हो, १-२-३, ५-६-७, मी लीड करतो त्यामुळे २ ला उजवा पाय मागे आणि ६ ला डावा पुढे ब्रेक. सर मोजत असतात तोवर सगळं छान, पण सोशलला (डान्स पार्टीत) गाणं लागलं आणि मोजणारं कोणी नसलं की चार-पाच बारमध्ये (तालाच्या आवर्तनांत) मी परत एकवर ब्रेक घ्यायला लागतो आणि समोरच्या पार्टनरची सगळी लय बिघडते, फार वाईट वाटतं.

कोंगाचा (हाताने वाजवायचा उंच ढोल) स्लॅप, म्हणजे चापटीचा आवाज, २ आणि ६ वर येतो तो पकडायचा असं सांगितलंय. संथ गाण्यात ऐकू येतो, पण ब्रास आणि पियानो जोरात सुरू झाले की तो हरवतो, मग कान काउबेलकडे (काठीने वाजवायची धातूची घंटा) जातो आणि काउबेल मला १ कडेच ओढते. क्लावे (गाण्याचा पाच ठोक्यांचा मूळ ताल) तर अजून धड ओळखताच येत नाही, २-३ आहे की ३-२ (आधी दोन ठोके की आधी तीन) तेही नाही.

ज्यांनी ऑन वनवरून ऑन टू केलंय त्यांनी प्लीज सांगा, नुसतं बसून ऐकायची प्रॅक्टिस केली का, की आधी चा-चा-चा हा नाच शिकल्याने फायदा होतो, त्यातही ब्रेक दोनवरच असतो म्हणून विचारतोय. आणि ब्रेकला माझं वजन पूर्ण मागच्या पायावर जातं, त्यामुळे ३ ला उशीर होतो, त्यासाठी घरी एकट्याने करण्यासारखी काही ड्रिल आहे का?