दुबईचा नातू आणि पासपोर्टची घाई

बी-४०२ देशपांडे काका: मंडळी, आजोबा झालो! लेकीला मंगळवारी दुबईत मुलगा झाला. पेढे रविवारी, क्लबहाउसमध्ये.

बी-४०२ देशपांडे काका: सगळ्यांचे आभार. एक विचारायचंय. जावई ब्रिटिश, लेकीचा पासपोर्ट आपला. नातवाला भारतीय नागरिकत्व मिळतं का? व्याही म्हणतात, बाप परदेशी तर मूल परदेशी.

ए-१०१ सावंत: बरोबर आहे त्यांचं. नागरिकत्व वडिलांकडून येतं.

सी-२०३ कर्णिक वहिनी: सावंत भाऊजी, तो नियम १९९२ सालीच गेला 😄 १० डिसेंबर १९९२ पासून बाहेर जन्मलेल्या मुलासाठी आई किंवा वडील, कुणीही एक भारतीय असलं की पुरतं. माझ्या नैरोबीच्या आत्याचंच घ्या. तिचा नवरा केनियाचा. थोरला १९९० चा, त्याला आईकडून काही मिळालं नाही. धाकटी १९९४ ची, तिला हक्क मिळाला. सख्खी भावंडं!

ए-१०१ सावंत: हे माहीत नव्हतं.

सी-२०३ कर्णिक वहिनी: पण काका, हे आपोआप होत नाही हं. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या बाळाची नोंद वर्षाच्या आत तिथल्या आपल्या कॉन्सुलेटमध्ये करावी लागते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी काढत बसा.

डी-३०५ मोरे: एवढा खटाटोप कशाला? गावच्या ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला काढा की. ओळख आहे आपली.

सी-२०३ कर्णिक वहिनी: मोरे, दुबईच्या हॉस्पिटलात जन्मलेल्या बाळाचा दाखला आपल्या गावचा? बाळाच्या आधी आजोबा आत जातील.

डी-३०५ मोरे: 🙏 गंमत केली. मग आधी ब्रिटिश पासपोर्ट काढून ठेवा, आपल्याकडची नोंद सावकाश करा. वर्ष आहे ना हातात.

सी-२०३ कर्णिक वहिनी: इथेच लोक फसतात, म्हणून जरा लांबलचक लिहिते. आम्ही अकरा वर्षं दुबईत काढलीत. नोंद करताना आईवडिलांना लिहून द्यावं लागतं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. नीट वाचा, पासपोर्ट. जावई ब्रिटनमध्ये जन्मलेले ब्रिटिश असतील तर बाळ तसंही जन्मापासून ब्रिटिश आहे, त्याने हे अडत नाही. पण तो ब्रिटिश पासपोर्ट एकदा हातात आला की हे लिहून कसं देणार?
आणि वर्ष हातात आहे ते नावालाच. दुबईत नवजात बाळाचा रेसिडेन्स व्हिसा १२० दिवसांत करावा लागतो आणि व्हिसाला पासपोर्ट लागतो. म्हणजे ठरवायला चार महिनेसुद्धा नाहीत. तेवढ्यात जो पासपोर्ट लवकर मिळेल तो काढून मोकळे होतात, आणि पुढे कपाळाला हात.

सेक्रेटरी: कृपया नोंद घ्यावी, उद्या टँकर ६:३० ला. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

बी-४०२ देशपांडे काका: दोनच मिनिटं, साहेब. वहिनी, समजा भारतीय पासपोर्ट काढला. पुढे मोठेपणी?

सी-२०३ कर्णिक वहिनी: १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ब्रिटिश नागरिकत्व सोडायचं. नाही सोडलं तर आपलं जातं. तेव्हा तो कुणाचं ऐकणारे, ते तुम्हीच सांगा.

ए-१०१ सावंत: आणि ब्रिटिशच घेतला तर?

सी-२०३ कर्णिक वहिनी: मग ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना आपलं सरकार देतं ते. आई भारतीय आहे म्हणजे ते मिळेल. इथे यायला-राहायला व्हिसा नको. मतदान मात्र नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

बी-४०२ देशपांडे काका: अहो, मग तासगावची द्राक्षबाग?

सी-२०३ कर्णिक वहिनी: वारसाने मिळू शकते, काका. विकत घ्यायला बंदी आहे.

डी-३०५ मोरे: बाळ अजून दुधावर, आणि काका बागेचा वारस ठरवतायत 😂

बी-४०२ देशपांडे काका: आत्ताच लेकीशी बोललो. जावयाने ब्रिटिश पासपोर्टचा फॉर्म अर्धा भरून ठेवला होता! तिथेच थांबवलाय. आता दोघांची चर्चा सुरू आहे. मी म्हटलं, आधी नाव ठरवा. जन्मदाखल्यावर काय लिहायचं, त्यावरही अजून एकमत नाही.