वाडीचा क्लस्टर: रविवारच्या सभेआधी आपलं काय ते ठरवू

एडिसन, खोली ३१

नमस्कार मंडळी,

बिल्डरचं पत्र तुमच्याही घरी पोचलं असेल. आपली वाडी, मागची वाडी आणि रस्त्यालगतच्या इमारती एकत्र करून विकास नियमावलीच्या ३३(९) खाली क्लस्टर, म्हणजे एकत्रित पुनर्विकास. रविवारी सभा, आणि संमतीपत्रं म्हणे तिथल्या तिथे भरून घेणार. अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या या ईमेल-यादीवर गिरगावच्या आपल्या वाडीतली बरीच घरं आहेत, तेव्हा इथून सगळ्यांचं मिळून एकच पत्र जाऊ दे. माझं म्हणणं सरळ आहे. कमीत कमी ६०० फूट कार्पेट, घरटी एक पार्किंग, आणि विक्रीच्या टॉवरमधला जिम आणि पोहण्याचा तलाव आपल्यालाही खुला. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोलीला ५०० फूट दिले, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ घरांच्या चाव्याही वाटल्या. मग गिरगावात, मेट्रो स्टेशनच्या दारात, कमी का घ्यायचं? लेखी मिळेपर्यंत कुणी सही करायची नाही.

गिरगाव, खोली १४

दादा, पत्र पाठवायला हरकत नाही, पण हा मसुदा इथे वाचून दाखवला तर लोक हसतील. मी सध्या आईजवळ आहे. जिन्यात, नळावर, वाण्याकडे दुसरा विषय नाही, पण पोहण्याचा तलाव अजून कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

आधी फुटांचं बघू. बीडीडीची जमीन सरकारी, बांधतंय म्हाडा. आपल्याकडे जमीन मालकाची, आपण पागडीचे भाडेकरू, आणि बिल्डर धंदा करायला आलेला. एकट्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) इमारतीला ३३(७) खाली किमान ३०० फूट, वर ३५ टक्के फंजिबल (नियमाने मिळणारं वाढीव क्षेत्र), म्हणजे ४०५. क्लस्टरला किमान ३५ चौरस मीटर, म्हणजे ३७७ च्या आसपास. त्यावर फंजिबल धरलं की पाचशे ओलांडतात, आणि जमीन मोठी असली की आणखी काही टक्के मिळतात. पत्रात त्याने ५२० लिहिलेत, तेही उपकार केल्यासारखे. त्यातले नियमाने आपलेच किती आणि त्याच्या पदरचे किती, ही फोड आधी मागा. ते कार्पेट रेरा कायद्याच्या व्याख्येतलं की बाल्कनी धरून, हेही लिहिलेलं नाही. ऐंशी फुटांसाठी भांडायचं तर निदान कुठून मोजायचं ते माहीत हवं.

पण इथली खरी चिंता वेगळी आहे. परवा गणपतीच्या हॉलमध्ये बिल्डरच्या माणसाने पडद्यावर टॉवर दाखवला. काचेचे जिने, हिरवी गच्ची, गोरे गोरे लोक चालतायत. पहिल्या रांगेतल्या तळमजल्याच्या आजींनी विचारलं, "लिफ्ट रात्री बंद पडली तर माणूस येईल का, आणि त्याचे पैसे कोण देईल?" तो म्हणाला, पहिली दहा वर्षं देखभालीचा कॉर्पस, म्हणजे राखीव निधी, आम्ही ठेवणार. आजी म्हणाल्या, "आणि अकराव्या वर्षी?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. नियमातच दहा वर्षांचं आहे, त्यामुळे तो खोटं बोलला असं नाही. पण आज इथे भाडं म्हणजे महिन्याला दोन सिनेमांची तिकिटं. उद्या चार लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा, रखवालदार. निवृत्त गिरणी कामगाराच्या पेन्शनमधून ते निघणार नाही. मग घर विकायचं आणि डोंबिवली गाठायची, आणि लोक म्हणणार यांनी हौसेने विकलं. कॉर्पस किती, कुठल्या बँकेत, व्याज कुणाच्या नावावर, हे करारात हवं. फुटांपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, चौक. नकाशा मी हातात घेऊन पाहिला, ए-थ्री कागदावर, पेन्सिलीच्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत. जिथे मंडप पडतो तिथे राखाडी तिरक्या रेघा आणि बाजूला बारीक अक्षरात 'ड्राइव्हवे'. मोकळी जागा आहे, पण पोडियमवर, पार्किंगच्या मजल्यांवर. गणपती तिथे लिफ्टने नेणार का? केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून उत्सव चालतो तो जमिनीवर चालतो म्हणून. चौकाचा प्रश्न फक्त गणपतीचाही नाही. पोरं सायकल शिकतात ती तिथे, लग्नाचा स्वयंपाक होतो तो तिथे, तिरडी ठेवतात ती तिथे.

बोस्टन, खोली ७

ताई, सगळं पटलं, पण पोस्ट वाचून वाटतं आपण सहीच करणार असं धरून चालला आहात. गोरेगावची पत्रा चाळ आठवते ना? २००८ चा करार, ६७२ कुटुंबं, घरं पाडली आणि काम थांबलं. भाड्याचे चेक बंद झाले ते वर्षानुवर्षं. शेवटी म्हाडाला ते हाती घ्यावं लागलं. माझ्या मावशीचं तिथे घर होतं, म्हणून जरा जास्त बोलतोय. आणि आपण हे पाडायलाच कशाला निघालोय? गॅलरी, लाकडी कठडे, उघडी दारं. हे पाडलं की मुंबईत परत कुणी बांधणार नाही. दुरुस्ती करून राहता येत नाही का? खोताच्या वाडीतली घरं टिकवायला लोक किती झगडतायत.

गिरगाव, खोली १४

गॅलरीची आठवण मलाही येते, बोस्टनला नाही तर इथेच बसून येते. पण सकाळी साडेसहाला बादली घेऊन सार्वजनिक संडासाच्या रांगेत आपण उभे नसतो. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा टेकू सुटला तेव्हाही आपण नव्हतो. १९६९ ला दुरुस्ती मंडळ आलं तेव्हाच आपली इमारत जुनी होती, १९४० च्या आधीची, म्हणजे 'अ' वर्गातली. लाकडी तुळया आतून पोखरल्यात, वरून प्लास्टर करून किती दिवस? दुरुस्ती हा इथे राहणाऱ्यांचा पर्याय नाही, तो आपला आहे.

पत्रा चाळीची भीती मात्र खरी आहे आणि तिला उत्तर एकच, भाडं. दरमहा देऊ, असं तोंडी नको. पहिल्या दोन वर्षांचं एकरकमी, पुढच्या तारखांचे चेक, दरवर्षी वाढ, आणि बांधकाम रखडलं तर भाड्यासाठी बँक गॅरंटी. रेरा विक्रीच्या फ्लॅटवाल्यांना सांभाळतं, पुनर्वसनातल्या भाडेकरूंना तसं नाही, म्हणून आपली सगळी ढाल करारातच. भेंडी बाजारच्या पुनर्विकासाचं उदाहरण इथे सगळे देतात. १६.५ एकर, अडीचशेच्या आसपास इमारती, तीन हजारांहून जास्त कुटुंबं. तिथे ट्रस्टने लोकांना आधी संक्रमण घरांत हलवलं. पण तो बोहरा समाजाचा ट्रस्ट होता, नफ्याला बसलेला बिल्डर नव्हता. तेव्हा उदाहरण द्या, पण त्याच्या जोरावर फार ताणू नका.

आता एक गोष्ट ज्यावर या यादीवर कुणी बोलत नाही. शेजारची तिसरी वाडी क्लस्टरमध्ये नाही. त्यांचा मालक तयार नाही. तिथले एक काका हॉलच्या दारात उभे राहून ऐकत होते, आत कुणी बोलावलंच नाही. नंतर ते म्हणाले, तळघर खणणार म्हणजे आमच्या भिंती हलणार. मेट्रो तीनचं काम चाललं तेव्हा काळबादेवी-गिरगावात हीच भीती होती. खणायच्या आधी प्रत्येक खोलीतल्या भेगांचे फोटो, तारखेसह, दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरच्या सह्या, आणि काम चालू असताना मोजमाप. एवढंच मागतायत. त्यात त्यांच्या खिडक्यांसमोर पार्किंगचे मजले उभे राहणार, आणि डंपर जाणार त्यांच्याच गल्लीतून. आपली माणसं म्हणतात, त्यांचं ते बघतील. मला हे मान्य नाही. उद्या ते कोर्टात गेले आणि स्थगिती आली तर घर पाडून भाड्याने बसलेले आपणच असू. त्यांची मागणी आपल्या यादीत घालणं हे पुण्यकर्म नाही, ती आपली गरज आहे.

फिलाडेल्फिया, खोली २२

पोरांनो, दुरून डोंगर साजरे. सही न करून हे थांबणार नाही, ५१ टक्के मिळाले की गाडी सुटली. त्यानंतर अडून बसणाऱ्याला म्हाडा कायद्याच्या कलम ९५अ खाली बाहेर काढता येतं. आम्ही ऐंशी पार केली, आम्हाला हे पाठ आहे.

आणखी एक कटू बोलतो. तुमच्यातल्या किती खोल्यांना कुलूप आहे? भाडे नियंत्रण कायद्यात, १९९९ च्या, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने खोली न वापरणं हे मालकाला दावा टाकायला पुरतं. आणि भाडेपावती? माझी अजून वडिलांच्या नावावर आहे. वारसाने तिथे राहायला हवं होतं, हा मुद्दा निघतो. म्हाडाच्या प्रमाणित यादीत भाडेकरूंची गणना १३ जून १९९६ ची धरतात, त्यात आपलं घर आहे का हे ज्याला ठाऊक नाही त्याने ६०० फूट मागू नये. मालकाला हे सगळं माहीत असतं. बिल्डरलाही. कुलूपवाल्याने जास्त आवाज केला की त्याच्या पात्रतेचीच फाइल काढतात.

एडिसन, खोली ३१

काका, तलाव मागे घेतला. पार्किंगची मागणी सोडत नाही. आमच्याकडे कार आहे म्हणून नाही, गिरगावात गल्लीत गाड्या लावायला जागाच नाही, मग त्या पोडियममध्ये आपल्यालाही हवी. बरं, कुलमुखत्यारपत्राचं कुणी नीट सांगेल का? बिल्डरचा माणूस म्हणतो, आम्ही छापील नमुना देतो, सही करून पाठवा.

पोस्ट मास्तर (यादीचे संयोजक)

छापील नमुन्यावर सही करू नका. त्यात बहुधा 'सर्व अधिकार' असतात आणि मुखत्यार त्यांच्याच ओळखीचा निघतो. मुखत्यार घरातला हवा, अधिकार मोजून द्या: सभेला हजर राहणं, संमती देणं, कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार करणं, ताबा घेणं. खोली विकण्याचा किंवा हस्तांतराचा अधिकार देऊ नका. इथे नोटरीसमोर सही, मग राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणूनचा दाखला), किंवा भारतीय दूतावासातून साक्षांकन. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचा, नाहीतर सगळी यातायात फुकट. आणि कृपा करून नकाशाचे पाच-पाच एमबीचे फोटो यादीवर टाकू नका, लिंक द्या.

गिरगाव, खोली १४

सभा झाली. हॉल भरला, बाहेर जिन्यावरही लोक. संमतीपत्रं वाटली, पण गोळा झाली नाहीत. एका काकूंनी माइक हातात घेऊन सांगितलं, आज फक्त वाचणार, सही पुढच्या सभेत. बिल्डरचा माणूस म्हणाला, वेळ गेला तर दर बदलतील. मागून कुणीतरी ओरडलं, "मग बदलू द्या, आम्ही कुठे पळतोय?"

भाड्याची वाढ आणि एकरकमी दोन वर्षं मान्य, लेखी देतो म्हणाले. बँक गॅरंटीला नाही म्हणाले, 'बघू' असंही नाही. हे मला सगळ्यांत खटकलं. भेगांच्या फोटोंना हो, कारण त्यांच्याच विमावाल्याला ते लागतं, असं त्यांच्या इंजिनिअरने बोलता बोलता सांगून टाकलं. शेजारच्या वाडीतल्या काकांना या वेळी आत बसवलं होतं. चौकाचं अडलं. तिथून अग्निशमनाची गाडी जाणार, म्हणून बांधकाम करता येणार नाही आणि मोकळंही 'उत्सवासाठी' लिहून देता येणार नाही, असं आर्किटेक्टचं म्हणणं. तरुण मंडळाचा एक मुलगा, स्वतः ड्राफ्ट्समन आहे, त्याने जागेवरच ट्रेसिंग पेपरवर उताराची वाट पश्चिमेकडून काढून दाखवली. आर्किटेक्टने तो कागद मागून घेतला. तो परत येतो की टोपलीत जातो, बघू.

पार्किंग नाही, दादा. ते घरटी नाही, जेवढी येईल तेवढी, चिठ्ठ्या टाकून. माझं मत विचाराल तर त्यावर अडू नये. बँक गॅरंटीवर मात्र अडावं, आणि तिथे तुमच्या सह्यांचा उपयोग आहे. इथले लोक भाड्याला घाबरून लवकर मऊ पडतात, तुम्हाला भाडं मिळालं नाही तरी घर चालतं. कुलूपवाल्यांनी गॅरंटी मिळेपर्यंत संमती रोखली तर इथल्यांच्या बाजूने वजन पडेल. कार्पेटसाठी रोखली तर पडणार नाही, उलट इथल्यांचाच रोष ओढवाल. काका, तुमच्या भाडेपावतीचं मी दुरुस्ती मंडळात विचारून येते, आधारची प्रत पाठवा.

सुधारित मसुदा पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात. आला की लिंक टाकते. सगळ्यांनी कलम कलम वाचून उत्तर द्या, नुसतं 'छान' नको.