लॅब्रॉडॉरचे तळवे सोलवटलेत, आम्ही कुणकेश्वरजवळ सड्यावर राहतो. घरी काय करू?

कलमवाली

नमस्कार मंडळी. आमचं घर कुणकेश्वरच्या अलीकडे, सड्यावर (कातळाच्या माळावर), आंब्याच्या कलमांच्या बागेत. मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि त्याचा लॅब्रॉडॉर, बंड्या, मार्चपासून आमच्याकडे आला. वय पाच, वजन अडतीस किलो (लाडाचं). पुण्यात सगळं आयुष्य फरशीवर आणि सोसायटीच्या हिरवळीवर गेलेलं. इथे आंबे उतरवायला गडी आले की तो दिवसभर त्यांच्या मागे. संध्याकाळी पुळणीवर नेते, तिथे लाटांत लोळतो.

आता पुढच्या दोन्ही पायांच्या मधल्या मोठ्या गादीचं सालपट निघालंय, आतून गुलाबी दिसतं. मागच्या डाव्या पायाची दोन बोटं मात्र सारखी चाटत बसतो, तिथले केस तांबडे झालेत. लंगडत नाही, पण चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना थबकतो.

शेजारच्या काकी म्हणतात हळद आणि खोबरेल भर. मुलगा फोनवर म्हणतो बूट मागवतो. आमचे हे म्हणतात, कुत्र्याला बूट घातलेत तर वाडीत तोंड दाखवायला जागा नाही. दवाखान्यातले डॉक्टर गुरांच्या फिरतीवर असतात, दोनदा जाऊन भेट झाली नाही. तोवर काय करू?

गावठी मोती

माका हसाक येता. आमच्या वाडयेत इतके कुत्रे, सगळे सड्यार फिरतत, कोणाक काय जाला नाय. तेंचे पाय बघा, टायरासारखे. लाड बंद करा, आपसूक घट्ट होतले.

बिनकामाचा म्हातारा (वेंगुर्ले)

ताई, मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. नोकरी गाई-म्हशींत गेली, कुत्री न बोलावता येत राहिली. तुमच्या लिहिण्यावरून मला बंड्याचे दोन वेगळे आजार दिसतात आणि त्यांना एकच औषध लावलंत तर एक बरा होईल, दुसरा वाढेल.

कुत्र्याचा पाय दुखतो म्हटलं की मी आधी विचारतो, एकच पाय की जोडीनं? एकाच पायाला असेल तर काटा, काच, खिळा, गोचीड शोधायचं. दोन्ही बाजूंना सारखं असेल तर जमीन किंवा शरीरातलं काहीतरी. चारही गाद्या आणि नाकाचा शेंडासुद्धा कडक होऊन तडकला, सोबत ताप, डोळ्यांतून-नाकातून घाण येत असेल, तर मलम शोधू नका, थेट डॉक्टर. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारात असं होतं, लस न झालेल्या कुत्र्यांत जास्त. तुमच्या बंड्याच्या लसी झालेल्या असणार, पण कार्ड मुलाकडून मागवून घ्या.

पुढचे पाय जोडीनं सोललेत, ते जमिनीनं. कुत्रा अंगाचा जास्त भार पुढच्या पायांवर टाकतो. त्यात अडतीस किलो, आणि खाली जांभा दगड. जांभा खरखरीत असतो, मे महिन्यात तापतोही. वर तुम्ही समुद्रात भिजवून मऊ केलेली गादी घेऊन त्याला परत कातळावरून घरी चालवत आणता. भिजलेली कातडी लवकर खरवडते.

यावर उपाय असा. रोज एकदा उकळून कोमट केलेल्या पाण्यानं धुवा, अर्ध्या लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ. टिपून कोरडं करा, घासू नका. लोंबणारं साल असेल तर उपटू नका, खालच्या नव्या कातडीला तेच झाकण असतं. हळद भरू नका; पूड जखमेत गोळा होऊन बसते आणि आत पू झाला तरी दिसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतायची सवय काही लोकांना असते, त्यानं नवी कातडी धरत नाही. फिनेलच्या वासाची जंतुनाशकं, झिंकची मलमं, टी ट्री तेल, यातलं काही नको. कुत्रा जे लावाल ते चाटून खाणार, हे धरूनच औषध निवडायचं.

गुलाबी भाग कोरडा होऊन वर पातळ साल धरलं की मग आपलं कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. टाचांच्या भेगांना लावतो तेच, बिनवासाचं, घरचं. तळहातावर चोळून पातळ करायचं आणि रात्री झोपताना फक्त गादीवर, बोटांच्या बेचक्यात अजिबात नाही. थोडं चाटलं तरी काही होत नाही. उघड्या जखमेवर मात्र नको. आणि रोज थापत बसलात तर गादी इतकी मऊ होईल की परत सोलेल.

मागचा डावा पाय वेगळा. तांबडे केस तुमच्या मातीचे की लाळेचे ते आधी बघा. साबणानं नीट धुवा. सड्याची माती निघून जाते, लाळेचा तांबडेपणा केसांत मुरलेला असतो, तो जात नाही. मग बेचकं फाकवून वास घ्या आणि कळवा. गोचीड तिथेच लपते, बोटानं चाचपून बघा. आंब्याच्या पेट्या ठोकता ना? खिळा रुतून वरून छिद्र मिटलेलं असेल तर बोट सुजेल, दाबल्यावर तो पाय ओढून घेईल.

तपासताना एकट्यानं बसू नका. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं. दुसऱ्यानं मान काखेत धरायची. तोंड बांधायचं असेल तर सुती पट्टीनं, दोन मिनिटांपुरतं. उन्हातून धापत आलेल्या कुत्र्याचं तोंड बांधू नये, तो धापून अंग थंड करत असतो.

दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड खराब करतात.

मांडवीची

रत्नागिरीहून. बुटांबद्दल मी सांगते, आमच्या बीगलला गेल्या उन्हाळ्यात घेतले. माप घेताना कुत्र्याला उभं करून, पूर्ण भार पडलेला असताना पंजाची रुंदी मोजा. बसलेल्या कुत्र्याचा पंजा अरुंद भरतो आणि बूट घट्ट येतात. पहिले काही दिवस तो बगळा होऊन चालेल, हसू नका, खाऊ द्या. तासाभरानं काढायचेच. कुत्र्याला घाम पायांच्या तळव्यांना येतो, आत ओल साचते.

बूट येईपर्यंत लहान बाळाचे सुती मोजे चालतात, पण घरात आणि पायऱ्यांवर. वर चिकटपट्टी पायाभोवती आवळून लावू नका. आणि तुमच्या ह्यांना सांगा, आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळी आळी जमली होती, आता कुणी मान वर करून बघतही नाही.

बिनकामाचा म्हातारा (वेंगुर्ले)

मांडवीची, बरोबर. फक्त मागच्या डाव्या पायाला बूट आणि मोजा दोन्ही नको, तिथे वारा लागू दे.

गावठी मोती, तुझ्या कुत्र्यांचं तू लिहिलंस ते खोटं नाही, पण अर्धं आहे. ती पिल्लं असल्यापासून सड्यावर आहेत, गाद्या त्यांनी घडवल्या. आणि दुपारी बारा वाजता त्यातलं एक तरी कातळावर दिसतं का रे? सगळी फणसाखाली नाहीतर पाणवठ्याच्या ओल्यात. गावठी कुत्रा आपली वेळ आपण ठरवतो. हा बिचारा गड्यांची वेळ पाळतोय, माणसाच्या मागे जायचं शिकलाय. म्हणून ताई, सकाळी दहानंतर ते ऊन कलेपर्यंत त्याला बांधा किंवा माजघरात ठेवा. औषधापेक्षा याचा गुण जास्त येईल. तो ओरडेल. ओरडू दे.

बाहेर काढण्याआधी हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याला नेऊ नका. डांबरी रस्त्याला दिवस मावळल्यावरही हात लावून बघा, तो उशिरा निवतो. खळं (अंगण) अजून शेणानं सारवता की पेव्हर ब्लॉक घातलेत? ब्लॉक असतील तर तिथेही हात टेकवा.

कलमवाली

ब्लॉकच आहेत काका, गेल्या वर्षी घातले.

पाय धुतला. पुढच्या पायांची माती निघाली, मागच्या बोटांचा तांबडा रंग तसाच. बेचक्यात कातडी लाल आणि ओलसर, वास आंबूस. गोचीड नाही, छिद्र नाही, दाबलं तर ओढत नाही, उलट खाजवल्यासारखं त्याला बरं वाटतं.

गावठी मोती यांना: दुपारी पाहिलं, तुमची सगळी मंडळी आमच्याच विहिरीच्या कट्ट्याखाली झोपली होती.

गावठी मोती

:) बरां. हरलंय.

बिनकामाचा म्हातारा (वेंगुर्ले)

मग खिळा-काटा नाही, खाज आहे. आंबूस वास, ओल, तांबडे केस: बहुतेक यीस्ट, म्हणजे बुरशीतलाच प्रकार. पावसात लावणी करणाऱ्या बायांच्या पायांना चिखल्या होतात तिथेच, तशाच ओलीत. बंड्याला ही ओल समुद्रातून मिळते, पुळणीवरून आल्यावर खारं पाणी बेचक्यात राहतं. हे डोळ्यांनी पक्कं होत नाही. डॉक्टर चिकटपट्टीनं नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. ऍलर्जीमुळेही सुरू होतं, पण तेव्हा बहुधा एकाच पायावर थांबत नाही.

तोवर बंड्याला समुद्र बंद. बाहेरून आला की विहिरीच्या गोड्या पाण्यानं चारही पाय धुवा आणि मागच्या पायाची बेचकी जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं एकेक करून पुसा. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक औषध दुकानात मिळतं, ते किती पातळ करायचं ते बाटलीवरची टक्केवारी फोनवर सांगून डॉक्टरांनाच विचारा. दाट लावलं तर आग होते. तेल, मुठेल, मलम, इथे काहीही नाही. पुढच्या पायाला साल धरल्यावर मुठेल हवं, मागच्याला कोरडेपणा. लावणारा हात एकच असतो, म्हणून गडबड होते. आधी मागचा पाय उरका, हात धुवा, मग पुढचे.

चाटणं थांबवायला गळ्यात कोन (कर्ण्यासारखी प्लास्टिकची कॉलर) घाला. मिळाला नाही तर त्याच्या मापाच्या जुन्या बादलीचा बूड कापून, कडेला कापड शिवून होतो. मी गुरांच्या दवाखान्यात असे कितीतरी केले.

डॉक्टरांसाठी १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन लावून बघा. फिरतं पथक मुख्यतः गुरांसाठी असतं, तरी डॉक्टर कधी कुठल्या गावात आहेत ते कळतं. त्यांनी पुढच्या पायाला पट्टी बांधून दिली तर बोटांच्या मध्ये कापूस घातलाय ना ते बघा, आणि रोज दोनदा टोकाची बोटं चाचपा. थंड किंवा सुजलेली लागली तर पट्टी आवळलीय, लगेच सोडायची. बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी कापून वरून चढवा, आत आल्यावर काढा.

कलमवाली

काका, फोन लागला. उद्या डॉक्टर जामसंड्यात आहेत, बंड्याला टेम्पोत घालून नेतो. एकच विचारते. पुढचे पाय भरल्यावर पुळण कधी सुरू करू? तो दारात बसून त्या वाटेकडे बघत राहतो.

बिनकामाचा म्हातारा (वेंगुर्ले)

वरवरचं साल असेल तर साधारण दोन आठवडे धरा, खोल गेलं असेल तर डॉक्टर सांगतील. नवी गादी आधी फिकट आणि मऊ असते, रंग भरून खरखरीत लागली की मग. सुरुवात भल्या पहाटे, ओहोटीच्या ओल्या वाळूवर, थोडाच वेळ. कोरडी वाळू उन्हात कातळाइतकीच चटका देते. खडकांच्या बाजूला नेऊ नका, तिथे कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार नव्या कातडीला ब्लेड आहे. रापणीची जाळी ओढतात त्या जागीही नको, गळ आणि माशांचे काटे पडलेले असतात. पायात गळ घुसलाच तर मागे ओढू नका, दोरी कापून तसाच दवाखान्यात.

आणि एक राहिलं. कलमांवर फवारणी असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बंड्या बागेत नको. पायाला लागलेलं औषध तो चाटतो. लाळ गळायला लागली, अंग थरथरलं, हगवण लागली तर पाय धुवून ताबडतोब डॉक्टर, औषधाचा डबा सोबत घेऊन. चाटणारा कुत्रा बागेत ठेवायचा असेल तर गड्यांना फवारणीची तारीख आदल्या दिवशी विचारून ठेवत जा.